विषय दिला, काम सांगितलं नाही

नाशिकमधल्या एखाद्या महाविद्यालयात ‘गोदावरीचे प्रदूषण’ या विषयावर दहा पानांची असाइनमेंट द्या आणि जमा झालेल्या फायली उघडून बघा. आधी मुखपृष्ठ, मग ऋणनिर्देश, मग अनुक्रमणिका. त्यानंतर नदी सुरू होते. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिची लांबी १४६५ किलोमीटर आहे, तिला दक्षिण गंगा म्हणतात, गौतम ऋषींची कथा, बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ. प्रदूषण यायला सहावं पान उजाडतं, आणि येतं तेही ‘कारणे’ व ‘उपाय’ अशा दोन मथळ्यांखाली, गाईडमधून उचलल्यासारखं. शेवटची ओळ बहुतेकांची एकच: चला, आपण सर्व मिळून गोदामाईला वाचवूया. हे लिहिणाऱ्यांतली एखादी मुलगी रोज पंचवटीतून होळकर पूल ओलांडून कॉलेजला येते. पाणवेलींनी भरलेलं पात्र तिने पाहिलेलं असतं, उन्हाळ्यात येणारा वास तिला ठाऊक असतो, पुलावर गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी खाली भिरकावणारी माणसं तिच्या डोळ्यांसमोरून गेलेली असतात. त्या दहा पानांत यातलं एक अक्षर नसतं.

अशा फायलींचा गठ्ठा समोर आला की स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं, मुलं प्रश्न वाचतच नाहीत. त्याहून कडक वाक्यही येतं, मुलांना काम टाळायचंच असतं. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण मी महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि माझं मत असं झालं आहे की या फायलींमधला मोठा बिघाड मुलांनी पेन हातात घेण्याआधीच झालेला असतो. आपण त्यांना विषय देतो, काम सांगत नाही. नदीची माहिती जमवायची, डोळ्यांनी पाहिलेलं नोंदवायचं, दोन उपायांतला एक निवडून त्याची बाजू मांडायची, की कुणाला तरी काही पटवून द्यायचं, याबद्दल सूचनेत एक शब्द नसतो. चारही कामं वेगळी आहेत. त्यांना वेगवेगळी तयारी लागते, वेगवेगळ्या प्रकारची वाक्यं लागतात. काम कोणतं ते सांगितलं नाही, की मूल स्वतःला येणारं काम निवडतं. बहुतेकांना येणारं काम एकच असतं, माहिती उतरवणं.

आपण देतो त्या सूचना एकदा तिऱ्हाइतासारख्या वाचून पाहाव्यात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणारा मजकूर साधारण असा असतो: विषय अमुक, पानं किमान दहा, फुलस्केप कागद, निळं पेन, समास सोडावा, स्पायरल बाइंडिंग करावं, अमक्या तारखेला दुपारी दोनपर्यंत जमा करावं, उशिरा आलेली फाईल स्वीकारली जाणार नाही. यातली प्रत्येक गोष्ट मुलं तंतोतंत पाळतात. समास आखलेला असतो, पानं दहाच्या खाली नसतात, बाइंडिंगसाठी झेरॉक्सच्या दुकानात रांग लागलेली असते. तेव्हा मुलं सूचना वाचत नाहीत, हा आरोप टिकत नाही. जेवढ्या सूचना दिल्या तेवढ्या त्यांनी वाचल्या आणि पाळल्या. विचार कसा करायचा याबद्दलची सूचना तिथे नव्हतीच.

ही खोड फक्त आपली नाही. अमेरिकेत ॲलिसन हेड आणि मायकेल आयझेनबर्ग यांनी २८ महाविद्यालयांतून शिक्षकांनी वाटलेली १९१ सूचनापत्रकं गोळा करून तपासली आणि २०१० मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पानं किती, संदर्भ कसे लिहायचे अशा तांत्रिक बाबींवर त्या पत्रकांचा भर होता. शोध कुठून सुरू करायचा, मिळालेल्या माहितीचं करायचं काय, याबद्दलचं मार्गदर्शन त्या मानाने फार थोडं होतं. त्यांच्याकडची ग्रंथालयं, वर्ग, साधनं सगळं आपल्याहून वेगळं. तरीही शिक्षकाचा हात कागदावर टेकला की तो पानांची संख्याच आधी लिहितो, हे दोन्हीकडे सारखं.

आपली दहावीची मराठीची कृतिपत्रिका या बाबतीत महाविद्यालयांपेक्षा सरस आहे. ८० गुणांच्या त्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला असतात. पत्रलेखनाच्या कृतीत चौकटीत एक निवेदन दिलेलं असतं, समजा एखाद्या रोपवाटिकेचं, आणि खाली सांगितलेलं असतं की विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने व्यवस्थापकांकडे रोपांची मागणी करणारं पत्र लिहा. तुम्ही कोण, कुणाला लिहिताय आणि कशासाठी, हे तिन्ही एका ओळीत आलं. ही कृतीही मुलं साच्यात घालून पाठ करतात, हे खरं. पण निदान प्रश्न विचारणाऱ्याने आपलं काम पूर्ण केलेलं असतं. तेच मूल दोन-तीन वर्षांनी कला शाखेत येतं. आता त्याला जास्त अवघड लेखन करायचं असतं आणि सूचना मात्र दहावीपेक्षा तोकडी मिळते. लिहिणारा कोण, वाचणारा कोण, लिहायचं कशाला, यांतलं काही त्याला सांगितलं जात नाही. हातात पडतं ते फक्त विषयाचं नाव.

विषयाचं नाव ओळखण्यात आपली मुलं तरबेज असतात, कारण परीक्षेने त्यांना तेच शिकवलेलं आहे. प्रश्नपत्रिकेत ‘स्पष्ट करा’, ‘विशद करा’, ‘चर्चा करा’, ‘आढावा घ्या’, ‘परामर्श घ्या’ असं काहीही येवो, तीच नोट उतरवली की तेवढेच गुण मिळतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. प्रश्नाच्या शेवटी काय करायला सांगितलंय त्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं तर तो आळस कसा म्हणायचा? ती अनुभवाने आलेली समज आहे. मग एके दिवशी आपण त्यांच्याकडून खरोखरच चर्चेची अपेक्षा करतो, आधी न सांगता, आणि ती मिळाली नाही की रागावतो.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लिंडा फ्लॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर महत्त्वाचं काम केलं. त्यांनी विद्यार्थ्यांना वाचून लिहिण्याचं एकच काम दिलं आणि प्रत्येकाने ते काय समजून घेतलं ते पाहिलं. कुणी वाचलेल्याचा सारांश केला. कुणी सारांशाला आपला शेरा जोडला. कुणी वेगवेगळे मुद्दे एका सूत्रात गुंफले, तर कुणी त्या मजकुराचा उपयोग स्वतःचं म्हणणं मांडायला केला. सूचना एक आणि लोकांनी केलेली कामं चार. शिक्षकाला वाटतं की काहींना जमलं आणि काहींना जमलं नाही. प्रत्यक्षात बऱ्याच जणांनी आपल्याला समजलेलं काम नीटच केलेलं असतं, फक्त ते काम दुसरंच असतं. हे लक्षात आलं की उत्तरपत्रिकेवर ‘विषयांतर’ असा लाल शेरा मारताना हात थांबतो.

निफाड तालुक्यातल्या एका मुलाचा लेख माझ्याकडे आला होता, कांद्याच्या निर्यातबंदीवर. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये ४० टक्के शुल्क लावून बंदी उठवली, त्यानंतरची ही गोष्ट. लेखाचं पहिलं वाक्य होतं, ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे.’ पुढे कांद्याचे प्रकार, लागवडीचा हंगाम, महाराष्ट्राचा उत्पादनातला क्रमांक. शेवटी सरकारने शेतकऱ्यांचा विचार करावा, अशी विनंती. मी त्याला बोलावून विचारलं, घरी कांदा असतो का? मग तो बोलत राहिला. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, म्हणून बंदी आली तेव्हा भाव पडला तरी वडिलांना तो विकावाच लागला. लासलगावला लिलावात ट्रॅक्टर उभा असताना पुकारलेला भाव ऐकून ते नुसते मागे वळले, कारण माल परत नेला तर डिझेलचे पैसेही अंगावर पडणार. शहरातल्या माणसाला वाटतं, आज भाव नाही तर शेतकऱ्याने थांबावं. लाल कांदेवाल्याला थांबताच येत नाही. हा मुलगा तोंडी जे सांगत होता तो पक्का युक्तिवाद होता. पुरावा होता, कारण होतं, विरुद्ध बाजूच्या माणसाला उत्तरही होतं. मी म्हटलं, हे का नाही लिहिलंस? तो खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणाला, ‘मॅडम, हे लिहायचं असतं का?’

माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा त्या प्रश्नात आहे. त्याने काम टाळलं नव्हतं. शाळा-कॉलेजात लिहिण्याची भाषा आणि घरातली गोष्ट यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे त्याने बारा-तेरा वर्षांत शिकून घेतलं होतं. कृषिप्रधान देश कागदावर चालतो, वडील चालत नाहीत. तुझ्या घरातला, तुझ्या शेतातला पुरावा इथे हवा आहे, असं कुणीतरी स्पष्ट शब्दांत लिहून दिल्याशिवाय तो स्वतःहून ती मर्यादा ओलांडणार नव्हता. ते लिहून देणं शिक्षकाचंच काम आहे.

जाणूनबुजून बगल देणारी मुलंही असतात, आणि त्यांच्याबद्दल वेगळं बोललं पाहिजे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशिकला सुरू झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या पाच वर्षांत त्यांच्या भूमिकेत काय बदललं आणि का, असा प्रश्न दिला तर अनेक उत्तरं महूच्या जन्मापासून सुरू होतात. मग शिक्षण, पदव्या, राज्यघटना, महापरिनिर्वाण. प्रश्न दोन तारखांमधल्या अंतराबद्दल आहे आणि उत्तरात सगळं आयुष्य आहे, नेमकं तेवढं अंतर सोडून. यातल्या काही मुलांना प्रश्न कळलेला असतो. तरीही ती चरित्राकडे वळतात, कारण चरित्र सांगण्यात धोका नाही. मंदिरप्रवेश कुणी अडवला, का अडवला, त्या पाच वर्षांत गावाने काय केलं, यावर बोलायचं तर बाजू घ्यावी लागते. शेजारच्या बाकावर कोण बसलंय, शिक्षक कोणत्या विचाराचे आहेत, गुण कुणाच्या हातात आहेत, हा हिशेब मुलांच्या मनात पक्का असतो. मत मांडलं की गुण जातात, अशी त्यांची समजूत असते आणि ती दरवेळी चुकीची नसते. म्हणून अशा प्रश्नाच्या सूचनेत एक ओळ मी आवश्यक मानते: तुमचं मत शिक्षकाच्या मताशी जुळण्याची गरज नाही, गुण आधाराला आहेत. आणि ती ओळ लिहिली की शिक्षकाने शब्दाला जागायचं. आपल्याला न पटणाऱ्या पण आधार असलेल्या लेखाला वर्गात सर्वांसमोर चांगले गुण मिळालेले दिसले, की बगल देण्याचं निम्मं कारण संपतं.

अस्पष्ट सूचनेचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. गंगापूर रोडवर राहणाऱ्या, आई किंवा वडील प्राध्यापक असलेल्या मुलीला उरलेली अर्धी सूचना घरी मिळते. ‘क्रिटिकली लिही, नुसती माहिती नको’, असं तिला जेवताना कुणीतरी सांगतं. सुरगाण्याहून किंवा पेठहून आलेला, आदिवासी वसतिगृहात राहणारा, घरातला पहिलाच कॉलेजात पोचलेला मुलगा कुणाला विचारणार? वर्गात हात वर करून ‘नक्की काय लिहायचं?’ असं विचारायला धीर लागतो, आणि विचारलंच तर ‘एवढंही कळत नाही का’ हे उत्तर त्याने आधी ऐकलेलं असतं. मेरी-ॲन विंकेल्म्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात शिक्षणसंस्थांत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये मांडले. शिक्षकांनी आपल्या विषयातल्या फक्त दोन असाइनमेंट बदलल्या. हे काम कशासाठी, नेमकं करायचं काय, आणि तपासताना काय पाहिलं जाईल, एवढं उघड करून सांगितलं. त्याचा फायदा सगळ्यांना झाला, आणि घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलांना अधिक झाला. दोन असाइनमेंट म्हणजे शिक्षकाच्या वर्षभराच्या कामातला अगदी लहान तुकडा.

मग गोदावरीची असाइनमेंट कशी द्यावी? मी ती अशी लिहीन:

‘तुमच्या घराजवळून वाहणारी नदी किंवा नाला निवडा. गोदावरी, नासर्डी, वाघाडी, वालदेवी, दारणा, तुमच्या गावचा ओहोळ, काहीही चालेल. दोन वेगवेगळ्या दिवशी तिथे जाऊन अर्धा तास थांबा आणि जे दिसलं ते वहीत टिपा. पाण्याची आजची अवस्था ज्यामुळे झाली असं तुम्हाला वाटतं, असं एकच कारण निवडा. त्या कारणाकडे सर्वांत आधी लक्ष द्यायला हवं, हे महापालिका आयुक्तांना किंवा तुमच्या ग्रामपंचायतीला पटवून देणारा सुमारे ६०० शब्दांचा लेख लिहा. तुमचं म्हणणं न पटणारा माणूस काय म्हणेल ते एका परिच्छेदात लिहा आणि त्याला उत्तर द्या. नदीचा उगम, लांबी, पौराणिक कथा आणि उपायांची सर्वसाधारण यादी नको. २० गुणांपैकी ८ तुम्ही पाहिलेल्या पुराव्याला, ६ युक्तिवादाला, ३ विरुद्ध मताच्या उत्तराला आणि ३ भाषेला. वहीतली टिपणं लेखासोबत जोडा.’

एवढंच. अर्ध्या पानात मावतं. याहून लांब सूचना लिहिण्याचा मोह आवरावा. दोन पानी सूचनापत्रक मुलं वाचत नाहीत, आणि त्यात महत्त्वाची ओळ कोणती ते त्यांना कळतही नाही. ‘हे नको’ अशी एक ओळ मात्र असायलाच हवी. पाठ केलेल्या मजकुराची वाट आधीच बंद केली नाही, तर दहातली आठ मुलं त्याच वाटेने जाणार, ती वाट पायाखालची आहे म्हणून. गुणांची विभागणीही आधीच सांगावी. पुराव्याला ८ गुण आहेत हे दिसलं की वही घेऊन नाल्याकाठी जाण्याला अर्थ येतो.

अशी सूचना लिहायला बसलं की आणखी एक गोष्ट घडते, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. शिक्षकाला स्वतःशी ठरवावं लागतं की आपल्याला या मुलांकडून हवंय काय. ‘प्रदूषण’ हा शब्द फळ्यावर लिहिताना ते ठरवावं लागत नाही. सूचना धूसर असते तेव्हा बरेचदा तिच्यामागचा हेतूच धूसर असतो, आणि मग मुलांनी तो ओळखावा अशी अपेक्षा धरणं अन्याय आहे.

लिहून दिली म्हणजे सूचना पोचली, असं मात्र नाही. ती वर्गात मोठ्याने वाचावी. मग प्रत्येकाला कागदाच्या चिटोऱ्यावर दोन वाक्यं लिहायला सांगावीत: मला काय करायचंय, आणि मी सुरुवात कुठून करणार. चिटोरे गोळा करून तिथेच पाच-सहा वाचून दाखवावेत, नावं न घेता. कुणी लिहिलेलं असतं, ‘नदीची माहिती लिहायची आहे.’ कुणी लिहिलेलं असतं, ‘आयुक्तांना तक्रारअर्ज करायचा आहे.’ दोन्ही चुकीचे समज त्याच क्षणी, कुणाचे गुण न जाता, दुरुस्त होतात. यात एक तास जातो. पण न वाचता येणाऱ्या शंभर फायली तपासण्यात जाणारे तास यापेक्षा कितीतरी जास्त असतात.

या सगळ्याला माझ्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचा विरोध आहे, आणि त्यांच्याबद्दल मला आदर असल्यामुळे तो विरोध नीट मांडते. त्यांचं म्हणणं, प्रश्न समजून घेणं हाही परीक्षेचाच भाग आहे. पदवीच्या मुलांना बोट धरून चालवलं तर ती स्वतः चालणार कधी? उद्या नोकरीत साहेब अर्धवट सांगेल, तेव्हा तिथे कोण चिटोरे गोळा करणार आहे? यातली नोकरीची गोष्ट खरी आहे. पण अर्धवट सांगितलेल्या कामातून पूर्ण काम ओळखायला ते काम आधी दहा वेळा केलेलं असावं लागतं. मुरलेल्या वार्ताहराला संपादकाने ‘पाण्याचं बघ’ एवढं म्हटलं तरी पुरतं, कारण बातमी म्हणजे काय ते त्याच्या अंगात भिनलेलं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलाने आयुष्यात एकही युक्तिवाद लिहिलेला नसतो. त्याला धूसर सूचना देऊन आपण त्याची समज तपासत नाही, त्याच्या घरची पूर्वतयारी तपासतो. पहिल्या वर्षी पूर्ण सूचना द्यावी, दुसऱ्या वर्षी त्यातला वाचक कोण हे मुलांना ठरवू द्यावं, तिसऱ्या वर्षी प्रश्नच त्यांना मांडू द्यावा. स्वावलंबन शिकवायचं तर ते असं टप्प्याने शिकवावं लागतं.

दुसरा आक्षेप असा की एवढं बांधून दिलं तर सगळे लेख एकाच छापाचे येतील. माझा अनुभव याच्या उलट आहे. पावसाळ्यात गोदेला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कितव्या भागापर्यंत पाणी चढलं यावर अख्खं नाशिक पुराचा अंदाज बांधतं आणि ते पाहायला पुलांवर गर्दी होते. एका वर्षी मी वर्गाला सांगितलं, पुराबद्दल एक शब्द नको, पूर पाहायला आलेल्या माणसांबद्दल लिहा, ३०० शब्दांत. ‘पूर: एक नैसर्गिक आपत्ती’ या विषयावर सगळ्यांनी एकच निबंध लिहिला असता. या सूचनेवर एकाने मुलांना खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या बापांबद्दल लिहिलं. एका मुलीने गर्दी पांगवणाऱ्या पोलिसाबद्दल लिहिलं, ज्याला स्वतःलाही मारुती बघायचा होता. सराफ बाजारात दुकान असलेल्या मुलाने लिहिलं की लोक पूर पाहायला जात होते तेव्हा आम्ही माल वरच्या मजल्यावर चढवत होतो. चौकट आखून दिल्यावर आत काय भरायचं ते मुलांना शोधावं लागलं. साचा निर्माण होतो तो मोकळ्या विषयातून, कारण मोकळ्या विषयाचं उत्तर बाजारात तयार मिळतं.

आता तर ते बाजारात जाऊनही आणावं लागत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ‘गोदावरीचे प्रदूषण, दहा पाने’ ही असाइनमेंट मोबाइलवर एका मिनिटाची झाली. यावर यंत्र पकडणारं दुसरं यंत्र शोधत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. काम असं द्यावं की त्याचा कच्चा माल विद्यार्थ्याच्या डोळ्यांत आणि वहीत असेल. टिपणं खोटी लिहिता येतात, मान्य आहे. म्हणून टिपणं जमा करून घेतल्यावर पाच मिनिटं त्याबद्दल बोलावं. ज्याने वालदेवीच्या काठी अर्धा तास घालवला आहे तो लगेच ओळखू येतो.

सूचना स्पष्ट असेल तर शिक्षकाला कडक व्हायचा हक्क मिळतो, आणि तो त्याने बजावावा. उगम, लांबी आणि गौतम ऋषी नकोत असं लिहून दिल्यानंतरही तेच आलं, तर तो लेख न तपासता परत द्यावा. नापास करू नये, दयेचे गुणही देऊ नयेत. आठवड्याची मुदत द्यावी आणि सांगितलेलं काम करून आण म्हणावं. अंतर्गत मूल्यमापनात सगळ्यांना जवळपास सारखे गुण वाटून टाकण्याची जी सवय अनेक ठिकाणी पडली आहे, तिने या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. काय लिहिलं ते कुणी वाचत नाही, हे मुलांना दोन महिन्यांत कळतं. ते कळल्यावर कितीही सुंदर सूचना लिहा, तिचा उपयोग शून्य.

वेळेचा प्रश्न खरा आहे. शंभर-सव्वाशेचा वर्ग, तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजांत धावणारे शिक्षक, वर सत्र संपायच्या आत भरायचे गुणांचे तक्ते. अशा शिक्षकाला प्रत्येक लेख दोनदा वाच म्हणणं सोपं नाही. पण याचं उत्तर असाइनमेंटची संख्या कमी करण्यात आहे. न वाचलेल्या तीनऐवजी वाचून परत दिलेली एक असावी. विभागप्रमुखांच्या हातात एवढं नक्की असतं. आपल्याच शहरात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तिथला विद्यार्थी शेतावर असतो, पोलीस चौकीत असतो, स्वयंपाकघरात असतो, आणि शंका आली तर रोज विचारायला समोर कुणी नसतं. अशा माणसासाठी लिहिलेल्या पुस्तकात आणि गृहपाठात छापील ओळीलाच शिक्षकाचं काम करावं लागतं. समोर बसलेल्या मुलासाठी सूचना लिहितानाही, हा मला पुन्हा विचारू शकणार नाही, असं धरून लिहिली तर निम्मी धूसरता आपोआप जाते. वर्गातली बहुतेक मुलं तशीही विचारत नाहीतच.

जूनमध्ये विभागांच्या पहिल्या बैठका होतात. कार्यभार वाटला जातो, वेळापत्रक ठरतं. त्याच बैठकीत प्रत्येक शिक्षकाने सत्रातल्या असाइनमेंटचा पूर्ण मजकूर टेबलावर ठेवावा, आणि दुसरा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याने तो वाचून सांगावं की आपल्याला काय लिहायला सांगितलंय. मराठीची सूचना इतिहासाच्या प्राध्यापकांना कळली नाही, तर ती सुरगाण्याहून आलेल्या मुलाला कळेल अशी आशा धरू नये. ती त्याच टेबलावर पुन्हा लिहून काढावी आणि मगच वर्गात जावी.